जेलरच्या नातीचं मत

तुरुंगाचं घर, पॉपलर गॅप, केंटकी
५ जानेवारी १९९८

चि. वर्ना हिस बाबांचे पोटभर आशीर्वाद.

तुमच्या मिशिगनच्या बर्फाच्या बातम्या रेडिओवर ऐकतो आणि मनात म्हणतो, ह्या पोरीनं एवढ्या लांब जाऊन काय मिळवलं, तर फावडं. इथे सगळं ठीक. तुरुंगात सध्या चारच पाहुणे आहेत आणि त्यातला एक लेस्टर, म्हणजे घरचाच. थंडी पडली की तो बाजारात जाऊन दोन शिव्या हासडतो आणि स्वतःच्या पायांनी माझ्याकडे येतो. त्याची कोठडी मी रिकामीच ठेवतो.

बातमी अशी की मी पुन्हा उभा राहतोय. जेलर म्हणून सहा वेळा निवडून आलो, सातवी का नको? दुसऱ्या पक्षाला आपल्या काउंटीत उमेदवार मिळत नाही, त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. काय ते मे महिन्यात, आपल्या पक्षातल्या पक्षात ठरतं. आणि ह्या मेमध्ये माझं एक मत वाढलंय. आपली डेलाना! ती ऑक्टोबरात अठराची होते. नोव्हेंबरात ज्याला मत देता येणार त्याला मेमध्येही देता येतं, मग तेव्हा तो सतराचा का असेना, असा आपल्याकडचा कायदा आहे. लोक हसतात, शाळकरी पोरांना काय कळतं म्हणून. मी म्हणतो, नोव्हेंबरात ताटात काय पडणार ते मेमध्येच शिजतं, मग चुलीपाशी त्या पोरांना का बसू देऊ नये?

तुझ्या आईनं सफरचंदाच्या करंज्या तळल्यात. तुला डब्यातून पाठवायच्या म्हणतेय. मी म्हटलं, वाटेत पोस्टमन खाईल.

पायांत ऊबदार मोजे घालत जा. माया आहेच, ती मागायची गरज नाही.

तुझा बाप,
एल्झी स्टिडहम


यप्सिलँटी, मिशिगन
१२ जानेवारी १९९८

चि. डेलाना,
आत्याचे आशीर्वाद आणि एक गालगुच्चा.

तुझ्या आजोबांचं पत्र आलं. अक्षर नेहमीसारखं टपोरं, विनोद नेहमीसारखे. वाचता वाचता मी हसत होते आणि शेवटाजवळ येऊन खुर्चीत बसले. तुझ्या आजीनं करंज्या तळल्यात, असं लिहिलंय. डेलाना, आईला जाऊन दोन हिवाळे झाले.

मी घाबरट आहे हे तुला ठाऊक आहे. म्हातारं माणूस कधी जुन्या दिवसांत लिहून जातं, असंही असेल. पण आजी गेल्यापासून तू आजोबांच्या सोबतीला तुरुंगाच्या घरात राहतेस, शाळेतून आल्यावर कैद्यांचा स्वयंपाकही तूच करतेस. तुझे आईवडील तिकडे खोऱ्यात, त्यांना रविवारपुरतं दिसणार. जे दिसतंय ते तुलाच. मला खरं काय ते लिही. गोड करून लिहू नकोस, मला साखर वर्ज्य आहे.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. तुझ्या डॅडीला सांग की बहिणीला पत्र लिहिल्यानं हात झिजत नाही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
वर्नाआत्या


पॉपलर गॅप
१९ जानेवारी १९९८

ती. वर्नाआत्यास,
डेलानाचा शिरसाष्टांग नमस्कार.

गोड करून लिहिणार होते. आता नाही लिहीत.

उन्हाळ्यापासून चाललंय. आधी किल्ल्या. आजोबा किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दारासमोर उभे राहतात आणि एकेक लावून बघतात. पंचवीस वर्षं जी किल्ली न बघता लागायची ती! मी प्रत्येक किल्लीला रंगीत लोकर बांधली आणि त्याच रंगाचा ठिपका दारावर काढला. आजोबांना सांगितलं की शाळेचा प्रकल्प आहे. ते म्हणाले, छान दिसतंय, नाताळ आल्यासारखं वाटतं. त्यांना कळलं असावं. आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही.

कधी कधी कैद्यांना दोनदा जेवण देतात आणि कधी मला येऊन विचारतात, दिलं का गं? मी म्हणते, दिलं. मग गुपचूप जाऊन देते. रात्रपाळीला बर्ल असतो, पण तो भिंतीलाच टेकून घोरतो. बाहेर मात्र आजोबा अगदी पूर्वीसारखे! कोर्टाच्या पायऱ्यांवर कुणी भेटलं की त्याच्या आजोळपर्यंतची नावं घेतात. कुणाला काही संशय येत नाही.

हे तुझ्यापाशीच ठेव. डॅडीला सांगू नकोस. डॅडी तिथे आधी कामाला होता, त्या दोघांचं कसं बिनसलं ते तुला माहीत आहे. तो काहीतरी करून बसेल आणि आजोबा ते सहन करणार नाहीत.

मला सांभाळता येतंय.

तुझी,
डेलाना


सॉर्गम खोरं
२ फेब्रुवारी १९९८

ती. वर्नाताईस,
डॉइलचा नमस्कार.

तू फोनवर रडलीस आणि ठेवून दिलास, म्हणून लिहितोय. तू मला सांगितलंस ते बरं केलंस. डेलाना तुझ्यावर चिडेल. माझ्यावर चिडलेलीच आहे.

मी बाबांकडे गेलो होतो. आधी म्हटलं, लेक्सिंग्टनला डॉक्टरांकडे जाऊ. म्हणाले, मी आजारी आहे असं कोण म्हणतं? मी तुझं नाव घेतलं नाही, माझ्या लेकीचंही नाही. मग म्हटलं, पुरे झालं बाबा, ह्या वेळी उभे राहू नका, सन्मानानं बाजूला व्हा. ते उठले, हॅट घातली आणि मला माझ्याच कोटाची बाही धरून दारापर्यंत नेलं. म्हणाले, किल्ल्या हव्यात ना, मी मेल्यावर उशीखालून काढून घे.

शुक्रवारी मुदत संपत होती. मी जाऊन माझा अर्ज भरला.

गाव काय म्हणतं ते मला ऐकू येतं. बापाच्या खुर्चीवर डोळा. म्हणू दे. पण ताई, मला दुसरी वाट दिसली नाही. नोव्हेंबरात समोर कुणी नसतं, म्हणजे थांबवायचं तर मेमध्येच. उद्या काही झालं आणि परक्या कुणी त्यांना खाली खेचलं, तर जानेवारीत ते घरही जाणार, कारण घर जेलरचं. मी जिंकलो तर बाबा त्याच खोलीत, त्याच खिडकीपाशी राहतील. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते भीक वाटलं असतं.

तू येऊन समजावलंस तर ऐकतील का? तुझं ते नेहमी ऐकायचे.

तुझा भाऊ,
डॉइल


पॉपलर गॅप
१६ मार्च १९९८

वर्नाआत्या,

मायना लिहीत नाही. का ते तुला ठाऊक आहे.

तुझ्यापाशीच ठेव म्हटलं होतं. आता गावातल्या अंगणाअंगणांत दोन फलक आहेत, दोन्हींवर स्टिडहम. आई रडते, डॅडी जेवत नाही, आणि आजोबा रोज दाढी करून, टाय लावून प्रचाराला निघतात. गंमत म्हणजे त्यांना बरं वाटतंय. भांडण लागल्यापासून किल्ल्यासुद्धा चुकल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात ते आमच्या शाळेत आले होते. बारावीच्या सगळ्या मुलांना व्यायामशाळेत बसवलं होतं आणि मतदारनोंदणीच्या बाई टेबल मांडून बसल्या होत्या. आजोबांनीच बोलावलं होतं त्यांना. आजोबा म्हणाले, पोरांनो, तुम्हांला सांगतील की तुम्ही सतराचे, घरी बसा, मोठी माणसं ठरवतील. मोठ्या माणसांनी आजवर काय काय ठरवलंय ते तुम्ही रस्त्यावरच्या खड्ड्यांत बघताच आहात. सगळी पोरं हसली. मग म्हणाले, मला मत द्या असं सांगायला मी आलेलो नाही. तुमच्या डोळ्यांनी जे दिसतं त्याला मत द्या. आत्या, ते हे बोलले तेव्हा मी पहिल्या रांगेत होते.

माझ्या वर्गातल्या टेसाचा वाढदिवस नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर आठवड्यानं येतो, तिला मेमध्ये नाही देता येत आणि नोव्हेंबरातही नाही. ती हिरमुसली तर आजोबांनी खिशातली पेपरमिंटची गोळी काढून तिला दिली आणि म्हणाले, तू दोन वर्षांनी मला शिव्या दे, मी थांबतो.

मी सही केली तेव्हा ते माझ्या मागे उभे होते. बाहेर येऊन दिसेल त्याला सांगत होते, हे माझं पक्कं मत. पेट्रोलपंपावरचा म्हातारा क्लेटस म्हणाला, बाहुल्या सोडून आता मतं का गं? आजोबा त्याला म्हणाले, ही माझा तुरुंग चालवते, तुझा पंपही चालवेल.

तुरुंग मी चालवते हे ते चारचौघांत बोलून गेले. सगळ्यांना ती थट्टा वाटली.

डेलाना


यप्सिलँटी
२३ मार्च १९९८

चि. डेलाना,
आत्याचे आशीर्वाद, तुला नको असले तरी.

रागावलीस ते वाचलं. राग तुझा, चूक माझी, त्यात वाटाघाट नाही. मी सांगितलं, कारण सतरा वर्षांची पोर कैद्यांना लपूनछपून जेवण देते हे वाचून मला घास उतरेना. इथे शाळेच्या खाणावळीत मी रोज शेकडो पोरांना वाढते. त्यांच्यात मला तूच दिसतेस.

इथे मिशिगनमध्ये अठरा झाल्याशिवाय कुठलंच मत नाही, ना उन्हाळ्यात, ना नोव्हेंबरात. मला ते आजवर अडाणीपणाचं वाटायचं. ह्या वर्षी वाटतं, तू इकडे असतीस तर बरं झालं असतं. तुझ्या बापाचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव एकाच कागदावर, आणि पेन तुझ्या हातात. असला न्याय कुठल्या पोरीला करायला लावू नये.

तू नाही गेलीस तर कुणी काही म्हणणार नाही. कायद्यानं दार उघडं ठेवलंय, ओढून नेत नाही. त्या दिवशी पोट दुखतं म्हण. पोट दुखतं म्हणून तुझ्या डॅडीनं अख्खी सहावी काढली होती.

पुढच्या पत्रात मायना लिही, नाही लिहिलास तरी मी वाचेन.

तुझीच,
वर्नाआत्या


पॉपलर गॅप
१४ एप्रिल १९९८

ती. वर्नाआत्यास, नमस्कार.

आता राग नाही. रागावायला जागा उरली नाही.

शनिवारी ईस्टरसाठी मी खोऱ्यात आईकडे गेले. तुरुंगात फक्त दोघे होते, त्यांना कोर्टानं सणाला घरी सोडलं होतं. तुरुंग रिकामा, म्हणून आजोबांनी बर्ललाही सुट्टी दिली. मी डुकराचं मांस भाजून, बटाट्याचं सॅलड करून त्यांच्यासाठी झाकून ठेवलं होतं. म्हणाले, जा, मला ह्या घरात एकट्याला कुणी पळवून नेत नाही.

काल संध्याकाळी परत आले. स्वयंपाकघरात भांडी लावताना मागच्या बाजूनं ठक ठक आवाज यायला लागला. मला वाटलं पाइप वाजतोय. आजोबांना विचारलं, तर म्हणाले, मागे कुणी नाही, ती कोठडी वापरात नाही. तरी मी गेले.

लेस्टर होता. शनिवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा झिंगून आला, आजोबांनी त्याला त्याच्या कोठडीत नेऊन झोपवलं, कुलूप लावलं, आणि विसरले. अन्न नाही, पाणी नाही. तिथला नळ हिवाळ्यात फुटल्यापासून बंद आहे. तो चमच्यानं गज वाजवत होता. त्याचे ओठ फाटले होते आणि त्याला उभं राहता येत नव्हतं. मी आधी ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसले, मग थोडं थोडं पाणी पाजलं. तो मला म्हणाला, पोरी, म्हाताऱ्याला बोलू नकोस, त्यानं मला बापासारखं सांभाळलंय. मी त्याला घरात आणून निजवलं, रात्रभर बसले. आज तो पेजेसारखं काहीतरी खाऊन, लंगडत गेला. दवाखान्यात चल म्हटलं तर चिडला. कुणाला सांगणार नाही म्हणाला.

आजोबा दाराशी येऊन उभे राहिले होते. लेस्टरकडे बघून म्हणाले, कधी आला हा? बिचाऱ्याला काही खायला दे.

आत्या, हे मी कुणाला सांगू? डॅडीला सांगितलं तर तो आजोबांना त्याच दिवशी खुर्चीवरून उतरवेल, पोलीस येतील, पेपरात येईल, आणि आजोबांच्या पंचवीस वर्षांतलं लोक एवढंच लक्षात ठेवतील. नाही सांगितलं तर पुढच्या वेळी मी घरी नसेन तेव्हा? शाळेत हजेरी घेतली तरी मला तो चमचा ऐकू येतो.

हेही तुझ्यापाशी ठेव. ह्या वेळी खरंच ठेव.

तुझी,
डेलाना


यप्सिलँटी
२० एप्रिल १९९८

चि. डेलानास,
आशीर्वाद, आणि तुझ्या दोन्ही हातांना माझे पापे.

पत्र चुलीत टाकलं. कुणाला बोलले नाही, बोलणार नाही. पण अट एक: बर्लला सांग की निवडणूक होईपर्यंत त्यानं आणि तू मिळून रोज संध्याकाळी एकेक दार उघडून बघायचं, वापरातलं आणि बिनवापरातलं. कारण विचारलं तर सांग, आत्याला उंदरांची भीती वाटते.

रात्रभर विचार केला की तुला काय लिहू. माझ्या बापाला मत दे असं सांगवत नाही. देऊ नकोस असंही हातून लिहिलं जात नाही. मी त्यांची लेक आहे, डेलाना. त्यांनी मला खांद्यावर बसवून त्याच तुरुंगाच्या गच्चीवरून गावचं संचलन दाखवलं होतं. म्हणून भ्याडासारखं तेच पुन्हा लिहिते. घरी राहा. तू सतराची आहेस. हे ओझं तुझं नाही.

मे महिन्याचं हे एवढं सरू दे, मग तू इकडे ये, तळ्यावर जाऊ.

जीव लावून बसलेली,
वर्नाआत्या


पॉपलर गॅप
२९ मे १९९८

ती. वर्नाआत्यास नमस्कार.

निकाल डॅडीनं तुला कळवलाच असेल. तो जिंकला. फार नाही, थोडक्यात.

मंगळवारी सकाळी आजोबांनी माझ्यासाठी अंडी केली. एक बाजू करपली होती. मी शाळेला जायला निघाले तर हॅट घालून तयार. म्हणाले, पहिलं मत आहे, मी पोचवायला येणार. अग्निशामक दलाच्या शेडमध्ये केंद्र होतं. आतमध्ये उमेदवारानं थांबायचं नसतं, म्हणून ते लांब रस्त्याच्या कडेला, डॉगवुडच्या झाडाखाली उभे राहिले. आतल्या बाईंनी माझी जन्मतारीख दोनदा वाचली, यादी बघितली आणि मान हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, हिला अजून सिगारेट विकत घेता येत नाही. दुसरं कुणी म्हणालं, गप रे, एल्झीची नात आहे, मत कुठे जाणार ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पडदा ओढला. दोन्ही नावं एकाखाली एक होती. बाहेर आजोबा कुणाशी तरी हसत होते ते मला आतपर्यंत ऐकू येत होतं. आणि शाळेत त्यांनी आम्हांला जे सांगितलं होतं तेही. मी बराच वेळ लावला. आत काय केलं ते कागदावर लिहीत नाही, आत्या. ईस्टरचं पत्र तू वाचलं आहेस.

बाहेर आले तर त्यांनी मला जवळ घेतलं आणि भर रस्त्यात माझ्या डोक्यावर आपली हॅट ठेवली.

संध्याकाळी कोर्टात फळ्यावर आकडे लिहीत होते. शेवटच्या केंद्राचा आकडा पडला तसे लोक डॅडीभोवती जमले. डॅडीच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तो गर्दीतून वाट काढत आजोबांकडे आला आणि हात पुढे केला. आजोबांनी त्याच्या हाताकडे बघितलं, मग माझा हात धरला आणि आम्ही पायऱ्या उतरलो. घरी येऊन ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, पोटच्या पोरानं उलटावं, गावानं उलटावं, चालतं. तू एकटी माझी राहिलीस.

मी म्हटलं, हो आजोबा.

मला तळ्यावर यायचं नाही. ह्यांना सोडून कशी येऊ?

तुझी,
डेलाना


सॉर्गम खोरं
२१ सप्टेंबर १९९८

ती. वर्नाताईस नमस्कार.

पैसे पाठवलेस ते डॉक्टरांकडे लागले. त्यांनी जे सांगितलं ते आपल्याला आधीच ठाऊक होतं, फक्त आता त्याला नाव मिळालं. कोर्टानं बाबांना रजेवर ठेवून काम आतापासून माझ्याकडे दिलंय. डेलानाची शाळा संपली आणि ती कॉलेजचं नाव काढत नाही. वर्षभरानं बघू म्हणते. तिची आई रोज तिच्याशी ह्यावरून भांडते.

मेपासून बाबा माझ्याशी बोलले नव्हते. मी खोलीत गेलो की भिंतीकडे तोंड करायचे. परवा मी कोठड्यांना रंग देत होतो, तर ते मागे येऊन उभे राहिले आणि बोलायला लागले. म्हणाले, ब्रश असा उभा नको धरू, ओघळ येतात. मग माझ्या हातातून घेऊन दाखवलं. मग खाली बसले आणि म्हणाले, तू नवीन लागलास वाटतं. कुणाचा तू? मी खाली वाकून रंगाचा डबा ढवळला. ते म्हणाले, काम चांगलं करतोस. माझा पोरगा होता इथे आधी, डॉइल. हात फार चांगला होता त्याचा. मी विचारलं, मग कुठे गेला? म्हणाले, त्यानं माझी खुर्ची घेतली. त्याला म्हणावं, मागितली असती तर दिली असती.

मी मागितली होती, ताई. जानेवारीत, त्याच घरात.

तेव्हापासून रोज येतात. मी नवा माणूस आहे, म्हणून माझ्याशी बोलतात. मी नाव सांगत नाही. सांगितलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करतील.

डेलानाला जपायला हवं. ती बापाच्या विरोधात मत देऊन आजोबांच्या बाजूनं राहिली ह्याचा मला राग नाही, हे तिला तू तरी सांग. मी सांगायला जातो तेव्हा ती उठून जाते.

तुझा,
डॉइल


पॉपलर गॅप
८ नोव्हेंबर १९९८

ती. वर्नाआत्यास,
डेलानाचा नमस्कार. वाढदिवसाचा स्वेटर पोचला. बाह्या लांब आहेत, तुला मी अजून वाढेन असं वाटतंय का?

मंगळवारी नोव्हेंबरची निवडणूक झाली. आता मी पुरती अठराची, कुणी जन्मतारीख वाचली नाही. जेलरच्या जागेसाठी एकच नाव होतं. मी त्यापुढे खूण केली आणि घरी आले. काहीच वाटलं नाही.

आजोबांना ते कळलं नाही. त्यांच्यासाठी सारखा मे महिना यायचा असतो. रोज दुपारी हॅट घालून ते पुढच्या ओसरीवर बसतात आणि रस्त्यानं जाणाऱ्याला प्रचाराचं जुनं कार्ड देतात. गाव चांगलं आहे, आत्या. ज्यांनी डॅडीला मत दिलं तेही थांबतात, कार्ड घेतात, तुम्हांलाच मत देऊ म्हणतात, आणि कोपऱ्यावरून वळून मागच्या दारानं ती कार्डं मला परत आणून देतात. लेस्टर तर रोज घेतो.

काल मी भांडी आटोपून बाहेर आले. ऊन उतरत होतं. आजोबांनी हॅट जराशी उचलली आणि मला म्हणाले, बाई, मी एल्झी स्टिडहम, मेमध्ये जेलरसाठी उभा आहे, तुमचं मत मला मिळेल का? सकाळी त्यांनी मला नावानं हाक मारली होती. आता त्यांच्या डोळ्यांत मी कुणीच नव्हते. इतर दिवशी मी हो म्हणते आणि कार्ड घेते. काल मला हो म्हणता येईना. सहा महिने मी हो म्हणतेय.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि सांगितलं की माझं मत देऊन झालंय, आणि ते मी एल्झी स्टिडहमला दिलं नाही.

ते चिडले नाहीत. मतदारावर ते कधीच चिडत नसत. म्हणाले, काही चुकलं का माझं? मी सांगितलं. ते चांगले जेलर होते, गावात त्यांच्यासारखा माणूस नव्हता, पण ते विसरायला लागले, आणि एक माणूस ईस्टरला कोठडीत उपाशी राहिला. मला वाटलं त्यांना कळणार नाही. त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिची कड चाचपत राहिले. मग विचारलं, तो माणूस वाचला का? मी म्हटलं, वाचला. त्याला खायला मिळालं? मी म्हटलं, मिळालं. म्हणाले, मग तुम्ही योग्य केलंत, बाई. अशा माणसाला मीही मत दिलं नसतं.

आत्या, मी तिथेच रडायला लागले. ते गोंधळले, खिशात गोळी शोधायला लागले, सापडली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले, परक्या माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा, जपून, बोटांनी. आणि मग अगदी कानाशी येऊन, कुणी ऐकत नाही ना असं बघून म्हणाले, एक करा, हे माझ्या नातीला सांगू नका. पोर सतरा वर्षांची आहे. पहिलंच मत आहे तिचं आणि ते तिनं मला दिलंय. आपलं मत अशा माणसाला गेलं असं कळलं तर तिला फार लागेल.

मी म्हटलं, नाही सांगत.

थंडी वाढली तशी मी त्यांना आत नेलं आणि बीन्स गरम करून वाढल्या.

तू नाताळला ये. मला कुणाच्या तरी पुढ्यात बसायचं आहे.

तुझी,
डेलाना